सांबऱ्याहून विमान पकडताना ७ किलोचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून विमानानं जाणारे आता फक्त कंपनीच्या कामाला निघालेले लोक राहिले नाहीत. मुलगा हैदराबादला, मुलगी बेंगळुरूला, नातवंडं मुंबईत, म्हणून साठी-सत्तरीतले आईवडीलही बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघतात. आणि आपल्याकडून रिकाम्या हातानं कुणी जात नाही. कुंद्याचे दोन बॉक्स, शेतातला बासमती, संकेश्वरी मिरचीचं तिखट, घरचं लोणचं, जमलं तर मांडे. एसटीत किंवा रेल्वेत हे सगळं सीटखाली सरकवता येतं. विमानात ते किलोनं मोजलं जातं, आणि पंचाईत होते ती थेट काउंटरवर. तेव्हा वेळ नसतो, आणि सोडायला आलेला माणूसही गाडी घेऊन परत निघालेला असतो.

म्हणून हा हिशेब घरीच झाला पाहिजे. काय, कधी आणि कसं करायचं ते क्रमानं सांगते.

तिकीट काढल्याबरोबर: आपल्याला लागू असलेला नियम वाचा

हातातल्या बॅगेवर दोन वेगळ्या ठिकाणांहून बंधनं येतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं बंधन सुरक्षेचं. देशातल्या विमानतळांच्या सुरक्षेचे नियम बीसीएएस ही केंद्र सरकारची संस्था ठरवते. तिचं म्हणणं सरळ आहे: एका प्रवाशाला हातात एकच बॅग. हा नियम २००० सालच्या परिपत्रकापासून आहे, आणि तपासणीच्या रांगेत गर्दी वाढली म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली. त्या एका बॅगेशिवाय बायकांची पर्स, शाल किंवा कोट, छत्री किंवा आधाराची काठी, वाचायचं पुस्तक, तान्ह्या बाळाचं खाणं, औषधं, कुबड्या, घडीची व्हीलचेअर अशा गोष्टी चालतात. म्हणजे आजोबांची काठी बॅगेत मोजली जाणार नाही, पण खांद्यावरची सॅक, हातातली ट्रॉली आणि वर कापडी पिशवी असे तीन नग घेऊन गेलात तर अडवणारच.

दुसरं बंधन विमान कंपनीचं, म्हणजे वजन आणि माप. देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक सगळीकडे ७ किलो. फरक बारीक आहेत, आणि तेच नडतात. इंडिगो ७ किलोच्या बॅगेशिवाय लॅपटॉपची बॅग किंवा पर्स ३ किलोपर्यंत वेगळी नेऊ देते. काही कंपन्या मात्र पर्स, लॅपटॉप, सगळं मिळून ७ किलो धरतात. त्यामुळे शेजाऱ्यानं सांगितलेल्या नियमावर जाऊ नका. आपल्या तिकिटावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याच वेबसाइटवरचं सामानाचं पान उघडा. मुलानं तिकीट काढून पाठवलं असेल तर त्यालाच ते पान पाठवायला सांगा.

मापाचं बघा. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, एअर इंडियाचं ५५ × ४० × २०. दोन्हींची बेरीज ११५ येते, पण एकीत बसणारी जाड बॅग दुसरीच्या चौकटीत अडकते आणि दुसरीची रुंद बॅग पहिलीत. नवीन बॅग घेणारच असाल तर ५५ × ३५ × २० च्या आतली घ्या, म्हणजे दोन्हीकडे चालेल. दुकानात टेप घेऊन जा आणि चाकं, दांड्याची खोबण धरून मोजा. ‘केबिन साइज’ असा कागद लावलेली बॅगही चाकांसकट मोजली की दोन-तीन सेंटिमीटर जास्त भरू शकते.

किती कडक असतात?

सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं ते हेच. खरं सांगायचं तर एकसारखं काही नाही. तीच बॅग जाताना कुणी बघत नाही आणि येताना काट्यावर चढते. तरी कशावरून कडकपणा वाढतो हे लक्षात येण्याजोगं आहे.

काउंटरवर मोठी बॅग द्यायला गेलात की हातातली बॅगही काट्यावर ठेवायला सांगण्याची शक्यता जास्त, कारण काटा समोरच असतो. घरून वेब चेक-इन करून फक्त हातातली बॅग घेऊन गेलेल्याचा हा टप्पा टळतो, पण गेटवर तो सुटेलच असं नाही. मोठ्या विमानतळांवर गेटजवळ काटा आणि मापाची चौकट ठेवलेली असते, आणि बोर्डिंगच्या रांगेतून फुगलेल्या बॅगा बाजूला काढतात. सुरक्षा तपासणीवरचे कर्मचारी वजन बघत नाहीत, ते वस्तू बघतात. तिथून सुटलो म्हणजे वजनातूनही सुटलो, असं धरू नका.

विमान भरलेलं असेल तर कडक. गणपती, दिवाळी, मे महिना आणि लग्नसराईत कडक. वरचे कप्पे सगळ्यांच्या बॅगांना पुरत नाहीत, त्यामुळे कर्मचारी आधीच गाळणी लावतात. चेन ताणलेली, बाहेरच्या खिशात बाटली कोंबलेली, दोन हातांनी ओढत आणलेली बॅग लांबूनच नजरेत भरते.

आपल्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मुंबई-बेंगळुरूसारख्या विमानतळावर माणूस गर्दीत मिसळतो. छोट्या विमानतळावर प्रवासी मोजके, आणि तेच कर्मचारी काउंटरवर, तेच गेटवर दिसतात. काउंटरवर ‘ही पिशवी मुलीकडे द्यायची आहे’ म्हणून बाजूला ठेवलेला नग गेटवर पुन्हा तुमच्या हातात दिसला तर तो त्यांना आठवणारच. असल्या युक्त्या इथे करू नयेत.

अर्धा किलो जास्त भरलं तर पुष्कळदा सोडून देतात. पण ती त्या कर्मचाऱ्याची मर्जी आहे, आपला हक्क नाही. कडकपणाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा बॅग पावणेसात किलोवर थांबवा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांत थोडा फरक निघतोच, तो त्यात जिरतो.

छोटं विमान: सांबऱ्याहून जाताना हे आधी बघा

सांबऱ्याला आणि आसपासच्या विमानतळांवर छोटी विमानं बरीच येतात. इंडिगोचं एटीआर म्हणजे पंख्याचं विमान, ७८ सीटचं. स्टार एअरची एम्ब्रेअर विमानं जेट असली तरी लहान, त्यातलं ई-१४५ तर ५० सीटचं. या विमानांत डोक्यावरचे कप्पे उथळ असतात. ई-१४५ मध्ये एका बाजूला एकच सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन, आणि सामानाचे कप्पे दोन सीटच्या बाजूलाच. मोठ्या एअरबसमध्ये सहज बसणारी कडक ट्रॉली इथे आडवीही जात नाही, उभीही नाही.

म्हणून इथे ७ किलोच्या आतली बॅगसुद्धा विमानाच्या पायऱ्यांजवळ तुमच्या हातातून घेतली जाऊ शकते. तिला टॅग लावून खालच्या किंवा मागच्या सामानाच्या खणात टाकतात. यात दंड नाही, तुमची चूकही नाही. पण तो क्षण घाईचा असतो. ऊन असतं किंवा पाऊस, मागे रांग, आणि त्या बॅगेत काय काय आहे ते आठवत नाही. पॉवर बँक, सुटी बॅटरी सामानाच्या खणात जाऊच शकत नाही, कारण लिथियम बॅटरीनं पेट घेतला तर खणात ती विझवायला कुणी नसतं. सोनं, पैसे, बीपी-शुगरच्या गोळ्या, कागदपत्रं, लॅपटॉप यांतलं काहीच त्या खणात जाऊ नये.

यावर उपाय साधा आहे, आणि सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बॅगेत सगळ्यात वर, चेन उघडल्याबरोबर हाताला येईल अशी, एक पातळ कापडी पिशवी ठेवा. औषधं, चष्मा, दागिन्यांची डबी, पॉवर बँक, चार्जर, पैसे, ओळखपत्र, घराची किल्ली हे सगळं त्या एका पिशवीत. बॅग मागितली की पिशवी उचलायची, बॅग द्यायची. दहा सेकंदांचं काम. लॅपटॉप वेगळ्या कप्प्यात असेल तर तोही लगेच काढा. टॅगचा तुकडा जपून ठेवा, आणि बॅग उतरल्यावर पायऱ्यांजवळ मिळणार की पट्ट्यावर, हे तिथेच विचारून घ्या. काही ठिकाणी खालीच देतात, काही ठिकाणी पट्ट्यावर पाठवतात, आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर तोच वेळ महत्त्वाचा ठरतो.

छोट्या विमानाला वजनाची काळजी का, असं वाटत असेल तर कारण समजून घ्या. विमान उडण्याआधी इंधन, माणसं आणि सामान यांच्या वजनाचा आणि ते पुढे-मागे कसं विभागलंय याचा हिशेब होतो. प्रवाशांना काट्यावर उभं करत नाहीत, ठरावीक सरासरी धरतात. प्रत्येकानं चार-पाच किलो जास्त आणलं तर ७८ जणांचं मिळून तीनशे-चारशे किलो कागदावर न येता विमानात चढतं. त्यातून उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ होते आणि विमानाला तेवढंच वजन उचलायला जास्त कष्ट पडतात. शिवाय डोक्यावरच्या कप्प्याला किती किलो पेलतं त्याची मर्यादाही असते.

आदल्या दिवशी: वजन

रिकाम्या बॅगेपासून सुरुवात करा, कारण खरा चोर तिथेच असतो. २० इंची कडक कवचाची ट्रॉली रिकामीच ३ किलोच्या आसपास भरते. त्यात दोन किलोचा लॅपटॉप आणि अर्धा किलो चार्जर टाकलात की साडेपाच झाले. उरले दीड किलो, म्हणजे कुंद्याचे अर्ध्या किलोचे दोन बॉक्स पुठ्ठ्यासकट ठेवले की एक जीन्सदेखील धड बसत नाही. तेच सामान ८०० ग्रॅमच्या कापडी बॅगेत भरलं तर दोन किलोंहून जास्त जागा मोकळी होते. चाकांची सवय झालेल्या वडिलधाऱ्यांना हे पटत नाही, पण त्यांच्यासाठी उलटा मार्ग आहे: चाकाची मोठी बॅग काउंटरवर द्यायची आणि हातात फक्त हलकी पिशवी ठेवायची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विमानाच्या पायऱ्या चढताना तेच सोयीचं पडतं.

वजनासाठी हुकाचा छोटा डिजिटल काटा मिळतो. घरात वर्षातून दोन-तीनदा विमानप्रवास होत असेल तर तो घेऊन ठेवा. नसेल तर गल्लीतल्या किराणा दुकानात जा, मालक नाही म्हणत नाहीत. ‘‘काका, जरा बॅग ठेवू काय काट्यावर?’’ एवढं विचारलं की झालं. बॅग ताटाबाहेर लोंबू देऊ नका, नाहीतर आकडा चुकतो. माणसाचं वजन करायच्या काट्यावर करायचं असेल तर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी. असल्या काट्यावर दोनदा करून बघा, आकडा हलतो.

वजन जास्त निघालं तर बॅगेतली सगळ्यात जड वस्तू अंगावर चढवा किंवा चेक-इनमध्ये, म्हणजे काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत टाका. बूट पायात, जाड स्वेटर अंगात, हे नियमात बसतं. खिशात डबे भरणं मात्र करू नका, सुरक्षा तपासणीत ते सगळं बाहेर काढावं लागतं.

आपल्याकडच्या वस्तू: हातात काय, खाली काय

कुंदा हातात नेता येतो, पण स्कॅनरवर तो दाट गोळ्यासारखा दिसतो. बॉक्स उघडून दाखवायला सांगू शकतात, म्हणून त्याला दोऱ्याची गाठ आणि टेपचे वेढे घालून ठेवू नका. तूप सुटतं, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच कपड्यांजवळ ठेवा. एक बॉक्स हातात आणि बाकीचे स्टीलच्या डब्यातून चेक-इनमध्ये, अशी विभागणी मला बरी वाटते. मांडे वजनानं काहीच नाहीत, पण दाबले की चुरा. ते हातातच, बॅगेत सगळ्यात वर. आणि छोटं विमान असेल तर मांड्यांचा बॉक्स त्या काढायच्या पिशवीजवळच ठेवा, म्हणजे बॅग खणात गेली तरी मांडे जाणार नाहीत.

तिखट आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नको. मिरचीपूड कुणाच्याही डोळ्यांत टाकता येते म्हणून ती तपासणीवर काढून घेतात. वर्षभराचं संकेश्वरी तिखट कचऱ्याच्या डब्यात जाताना बघणं नको वाटतं. ते दुहेरी पिशवीत बांधून चेक-इनमध्ये द्या. लोणचं, तूप, तेलही तिथेच, झाकणाखाली प्लॅस्टिक घालून घट्ट बंद करून.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचं वेगळं आहे. त्या हातातही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, आणि बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून विमानाच्या नियमांत ते ज्वलनशील मालात मोडतं. मसाल्यासाठी खोबरं पाठवायचंच असेल तर सोबत नेण्याऐवजी मुलांना तिथेच घ्यायला सांगा. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. शबरीमलैच्या भक्तांसाठी मध्यंतरी ठरावीक काळापुरती सवलत दिली होती, ती सगळ्यांना लागू होत नाही.

बासमतीला हरकत कसलीच नाही, प्रश्न फक्त किलोचा. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर सहसा १५ किलो चेक-इन मिळतं, पण काही कंपन्या त्यात एकच नग धरतात. तांदळाची वेगळी पिशवी आणि कपड्यांची वेगळी बॅग नेलीत तर वजन १५ च्या आत असूनही दुसऱ्या नगाचे पैसे पडू शकतात. तांदूळ मोठ्या बॅगेच्या तळाशीच भरा.

आजीची चंची हे विसरलं जाणारं ठिकाण. पान-सुपारीला कुणी अडवत नाही, पण आतला अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही. तो जुना, सासूबाईंकडून आलेला असतो आणि एकदा तपासणीवर गेला की गेलाच. आदल्या रात्री तो चंचीतून काढून मोठ्या बॅगेत टाका. भाजी चिरायची सुरी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर यांचंही तेच. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवा.

लग्नाला निघाला असाल तर सोनं नेहमी अंगावर किंवा त्या वरच्या पिशवीत, चेक-इनमध्ये कधीच नाही. इन्सुलिनबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. पॉवर बँकेवर छापलेला आकडा वाचता आला पाहिजे. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. बाजारातली २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची असते. आकडा पुसलेला असेल तर काढून घेऊ शकतात. विमानात तिच्यावर फोन लावून ठेवू नका.

वजन जास्त आहे हे कळलंच तर

निघण्याआधी कळलं तर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर जादा चेक-इन वजन विकत घ्या. आधी घेतलेलं नेहमी स्वस्त पडतं. विमानतळावर किलोमागे दर लागतो, आणि तीन-चार किलोंतच तो कुंद्याच्या किमतीपेक्षा वर जातो. तीन-चार माणसं एकाच तिकिटावर असाल तर काउंटरवर एकत्रच जा, काही ठिकाणी सगळ्यांचं चेक-इन वजन मिळून बघतात. हातातल्या बॅगेचं तसं होत नाही, ती माणशी वेगळी.

वेळ हातात ठेवा. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांना सांबरा शहराच्या पलीकडे पडतो, तेव्हा बेळगावची वाहतूक धरून निघा. बॅग उघडून दोन डबे इकडचे तिकडे करायला वीस मिनिटं असली की जादा पैसे पुष्कळदा टळतात.

गोव्याहून किंवा मुंबईहून परदेशी जाणाऱ्यांसाठी

आखाताकडे जाणारी आपली मंडळी दाबोळी, मोपा किंवा मुंबईहून निघतात. एमिरेट्सच्या इकॉनॉमीत हातात ७ किलो, आणि एअर अरेबियासारखी कंपनी १० किलो देते. युरोपकडे लुफ्थान्झाचे ८ किलो, तर ब्रिटिश एअरवेजची मर्यादा २३ किलोपर्यंत. पोरगा लंडनला शिकायला चाललाय आणि तिकिटावर २३ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. सांबऱ्याहून मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्या टप्प्याला ७ च लागू. ज्या टप्प्याचा नियम सगळ्यात कडक, त्यालाच धरून बॅग भरायची. चेक-इनचंही तसंच: पुढे ४६ किलो मिळत असले तरी मुंबईपर्यंतच्या वेगळ्या तिकिटावर १५ च असतात. अशा वेळी मुंबईपर्यंत रेल्वेनं किंवा बसनं जाणं पुष्कळदा शहाणपणाचं.

परदेशी विमानात द्रव पदार्थ हातात १०० मिलीच्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. औषधं आणि बाळाचं दूध यांना सूट असते, ते वेगळं काढून दाखवा.

पैसे घेतले आणि चुकीचे वाटले तर

तिथे आवाज चढवू नका. जादा पैसे घेतले तर पावती मागा, पावतीवर किती किलो लिहिलंय ते बघा, काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढा. बॅग काट्यावर ठेवताना ती कशाला टेकलेली नाही ना, काटा शून्यावर होता ना, हे शांतपणे विचारायला हरकत नाही. नंतर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रारीत तिकिटाचा पीएनआर, तारीख, विमानाचा नंबर, पावती आणि फोटो एकत्र जोडा.